मंदाची पाखरं आणि माझी राखण

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंदाचं भाषण झालं. मंदा म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून वर्षभराने लहान. फळ्यावर विषय लिहिला होता, ‘पक्षीनिरीक्षण आणि आरोग्य’. मी पहिल्या रांगेत बसले, कारण मागून मला ऐकू येत नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेली ही बाई तासभर उभी राहून बोलली. एकदाही बसली नाही की पाणी मागितलं नाही. पाखरं बघायची म्हणजे पहाटे उठावं लागतं, चालावं लागतं, टेकडी चढावी लागते, असं तिने सांगितलं. मान फिरते, डोळे लांबचं बघतात, त्यांना विसावा मिळतो. पाखरू दिसेपर्यंत गप्प उभं राहायचं, त्यामुळे श्वास आपोआप संथ होतो, डोक्यातली कटकट थांबते आणि झोप चांगली लागते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं. तिचे गुडघे बघितले की कळतं. माझ्या गुडघ्यांना जिना नको असतो आणि ती वारज्याहून बस बदलून आली होती.

मग तिने स्वतःची गोष्ट सांगितली. म्हणाली, “मी अकरा वर्षांची असताना मरता मरता वाचले. विषमज्वरानंतर अंगात काही उरलं नव्हतं. मला मावशीकडे पाठवलं, इथेच, या मांजरी गावात. तेव्हा इथे ज्वारीची शेतं होती. तिथे मी पक्षी बघायला लागले. मला पक्ष्यांनी बरं केलं.” भाषणात माझ्या आईचं नाव आलं, आबांचं आलं, आमच्या म्हशीचंसुद्धा आलं. माझं आलं नाही. घरी येताना सून म्हणाली, “आई, किती छान बोलल्या ना मंदामावशी?” मी म्हटलं, “छान. मला एक कोरी वही आणून दे.” ती ही वही. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे भाषण मला जमणार नाही. लिहिता येतं तेवढं लिहिते.

आमचं घर नदीच्या अलीकडे होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे म्हशीचा गोठा. दिवस घरात आवाजाने उजाडायचा. आधी जात्याची घरघर, मग आईचा खोकला, मग दुधाची धार चरवीत पडल्याचा आवाज. आबा, म्हणजे माझे वडील, यांचा आवाज मात्र फार ऐकू यायचा नाही. ते बैलांशी बोलायचे, पाटाच्या पाण्याशी बोलायचे. माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. “हौसे, पाणी आण.” “हौसे, माळ्यावर जा.” चौथी पास झाले तेव्हा एकदाच जरा जास्त बोलले, “झालं की आता. वाचता येतंय, रग्गड झालं. राखणीला माणूस न्हाई.” तेव्हापासून शाळूची राखण माझ्याकडे आली.

शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी. कणसात दूध भरलं की पाखरं तुटून पडतात. शेताच्या मधोमध चार मेढी रोवून, वर फळ्या टाकून माळा करायचे. फटफटायच्या आत त्यावर चढायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत उतरायचं नाही. पुन्हा दुपार कलली की चढायचं. हातात घायपाताच्या दोरीची गोफण, पायाशी गुंड्यांचा, म्हणजे गोल दगडांचा, ढीग. गोफण डोक्याभोवती फिरवून एक दोरी सोडली की फटकन आवाज होतो आणि भोरड्यांचा अख्खा थवा काळ्या चादरीसारखा उठतो. घशाने “हाऽऽ” करून ओरडायचं, पत्र्याचा डबा बडवायचा. तळहाताला घट्टे पडले होते. माझा उजवा खांदा अजून डाव्यापेक्षा खाली आहे. डॉक्टर म्हणतात वयामुळे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

या कामाचा एकच मान होता. हुरड्याच्या दिवशी आगटीत कणसं भाजली की आबा पहिलं कणीस तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि दाण्यांची पहिली मूठ राखण करणाराला द्यायचे. पाहुणे असोत, म्हातारे असोत, पहिली मूठ राखणाराची. माझ्या आजोबांच्याही आधीपासून असंच होतं. दोन वर्षं ती मूठ मला मिळाली होती. आबा माझ्या हातात काही ठेवतायत असं वर्षात तेवढंच एकदा व्हायचं.

तिसऱ्या वर्षी मंदा आली. मावशी, म्हणजे मंदाची आई, शनिवार पेठेत राहायची, तिचे यजमान पोस्टात कारकून होते. टांग्यातून मंदाला उतरवलं तेव्हा मला वाटलं, नुसती शाल उतरवली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोकळी हवा हवी, पुस्तकात डोळे घालायचे नाहीत, लांबवर बघायचं आणि मन कशात तरी रमवायचं. मावशी आईला म्हणाली, “अक्का, पोर तुझ्या स्वाधीन.” आईने ते फारच मनावर घेतलं. सकाळी मंदाला म्हशीचं धारोष्ण दूध, न्याहारीला तुपातला शिरा, दुपारी अंडं. मला ज्वारीची भाकरी आणि ठेचा. भाकरी-ठेच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यावर मी एवढी वर्षं जगले आहे. पण शिऱ्याचा वास पडवीपर्यंत यायचा आणि आई म्हणायची, “तिचं झाल्यावर कढई खरवडून घे.” कढई मी खरवडायचे. राग यायचा आणि खरवडही गोड लागायची, दोन्ही एकदम.

मोकळी हवा म्हणून मंदाला रोज बैलगाडीतून शेतात आणायचे. बांधावरच्या बाभळीखाली घोंगडं अंथरायचे, पाठीला धान्याचं पोतं द्यायचे. ती खाली बसलेली, मी वर माळ्यावर. दोन-तीन दिवस ती नुसती डोळे मिटून होती. मग तिने शाळेची वही मागवली. वाचायला बंदी होती, लिहायला नव्हती. जे पाखरू दिसेल ते ती लिहून ठेवायला लागली. नाव ठाऊक नसायचं, म्हणून लिहायची, “शेपूट कात्रीसारखी, अंग काळं कुळकुळीत.” आबा पाणी धरायला आले की विचारायची, “काका, हा कोणता?” आणि आबा, ज्यांनी मला सबंध वर्षात चार वाक्यं सांगितली नव्हती, ते फावडं टेकवून उभे राहायचे आणि सांगायचे. कोतवाल कसा म्हशीच्या पाठीवर बसून किडे टिपतो. वेडा राघू राघू नसतोच, तो मधमाश्या धरतो. खंड्या नदीकाठच्या मातीत बीळ करतो. मी वरून ऐकायचे. माझे वडील एवढं बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं.

मंदाही मला हाका मारायची. “हौसा, बघ ना! अगं बघ तरी!” मी म्हणायचे, “मला सवड हाय व्हय? खातील की सगळं.” एकदा तर म्हणाली, “थोडा वेळ गोफण नको ना वाजवूस, उडून जातात सगळे.” मला हसावं की रडावं कळेना. ते उडून जावेत म्हणूनच मी तिथे होते.

आणि मग आबांनी ते केलं. बाभळीपाशी दहा-बारा ओळींचा एक कोपरा होता. त्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हौसे, तिकडं गुंडा टाकू नगंस. पोरीला बघू दे वाईच.” ज्या माणसाने एक कणीस गेलं तर मला दुपारची भाकरी उशिरा दिली होती, त्याने मंदाच्या करमणुकीसाठी दहा ओळी पाखरांना सोडल्या. आठ दिवसांत तो कोपरा फस्त झाला आणि मंदाच्या गालावर मांस दिसायला लागलं. ती बाभळीपासून विहिरीपर्यंत चालायला लागली, मग बांध ओलांडायला लागली. पाखराच्या मागे जाताना तिला आपण चालतोय हे कळायचंही नाही. भूक लागायची, झोप लागायची. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आहे, त्यामुळे तिच्या भाषणाला मी टाळ्या वाजवल्या त्या खऱ्या. पण तेव्हा मी माळ्यावर बसून एकच हिशेब करत होते. हवा तीच, ऊन तेच, पाखरंही तीच. ती बघत होती म्हणून तिला गाल येत होते आणि मी हाकलत होते म्हणून माझा घसा बसला होता. तिच्या खोकल्याची घरात रोज चौकशी व्हायची. माझ्या घशाची कुणी केली नाही.

विहिरीजवळ एक जुना खांब होता. त्यावर रोज एक चास येऊन बसायचा. मंदा आता त्याला नीलपंख म्हणते, आम्ही चास म्हणायचो. बसलेला असताना मातकट दिसतो, पण उडाला की पंखांत असा निळा रंग फाकतो की बघणाराने हातातलं काम सोडावं. मंदा त्याची वाट बघायची. तो खाली झेपावला की टाळी वाजवायची आणि आबा लांबून हसायचे. त्या दिवशी आबा विहिरीवर होते, ते हसले, आणि मी गोफणीत गुंडा भरला. खांब त्या सोडलेल्या कोपऱ्याच्या बाहेर होता, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

गुंडा लागल्याचा आवाज फार मोठा नव्हता. मंदा उठून गेली, तिने तो उचलला आणि माळ्याखाली येऊन उभी राहिली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. ती वर बघून म्हणाली, “हौसा, हा धान्य खात नाही. टोळ खातो. तुला माहीत नव्हतं का?” खरंच माहीत नव्हतं. तीन हंगाम मी त्या माळ्यावर काढले होते आणि शहरातून महिन्यापूर्वी आलेल्या पोरीला ते माहीत होतं.

भाकरी घेऊन आलेली आई धावत आली. दसऱ्याला लोक मुद्दाम ज्याचं दर्शन घेतात ते पाखरू मारलं म्हणून तिने कपाळावर हात मारला. “काय धाड भरली होती गं तुला?” मंदा मध्ये पडली. “मावशी, तिला बोलू नकोस. चुकून लागला तिचा.” तिने मला वाचवलं म्हणून मला तिचा आणखीच राग आला. आबा तेवढ्यात येऊन पोचले होते. त्यांनी पाखरू हातात घेतलं, मग खांबाकडे बघितलं, मग माळ्याकडे. अंतर मोजल्यासारखं. म्हणाले, “हौसीचा गुंडा चुकत नसतो. तीन वर्सांत एकदाबी चुकला न्हाई.” आणि निघून गेले. माझ्या नेमाबद्दल ते आयुष्यात तेवढंच बोलले.

मंदाला त्या संध्याकाळी ताप भरला. ती शेतात यायचं नाही म्हणाली, वही चुलीमागे टाकली, जेवण टाकलं. चार दिवसांत पुन्हा शाल झाली. आईने मावशीला निरोप धाडायची भाषा सुरू केली. आई रात्रंदिवस तिच्या उशाशी. पाखरू मी मारलं आणि दूध पुन्हा तिलाच, असं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं ते लिहिते. पण भीतीही वाटत होती. हुरड्याला पंधरवडा उरला होता. ही अशीच पडून राहिली तर पहिली मूठ मला मिळणार नाही, आणि मेली तर आबा माझ्याकडे पुन्हा बघणारसुद्धा नाहीत, हे मला कळत होतं.

पाचव्या दिवशी फटफटताना माळा हलला. आबा वर चढत होते. असं कधी झालं नव्हतं. म्हणाले, “वाईच सरक. गोफण ठेव खाली.”

“पाखरं खातील की.”

“खाऊ दे. त्यो कोण बसलाय म्हशीवर?”

“कोतवाल.”

“काय खातो?”

“कणसं.”

“खाताना बघितलास?”

बघितला नव्हता. मी सगळ्यांना सारखंच हाकलत होते. आबा म्हणाले, “आता नुसतं बघ. हलू नगंस.” तीन सकाळी ते असे येऊन बसले. कोण दाणे फोडतं, कोण अळ्या टिपतं, कोण नुसतं बसायला येतं, हे त्यांनी मला चोचीवरून, बसण्यावरून ओळखायला शिकवलं. बोलायचे कमीच. पण बोलायचे ते माझ्याशी, आणि खाली बाभळीखाली त्या वेळी कुणी नव्हतं. एका फळीवर त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लागत होता. त्या तीन सकाळी मला मंदा आजारी आहे याचं वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या सकाळी खाली उतरून बांधाने जाताना त्यांनी हाताने मला थांबवलं. “म्होरं काय हाय?”

“ढेकळं.”

“किती?”

मी मोजली. “सात.”

“पुन्यांदा मोज. घाई करू नगंस.”

मी मोजत राहिले. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग सातव्या ढेकळाने श्वास घेतला. मातीच्या रंगाचं, वाळल्या पानाच्या नक्षीचं एक पाखरू जमिनीला चिकटून बसलं होतं, डोळ्याची नुसती फट उघडी. त्या बांधावरून मी रोज चार वेळा जात होते. आबा कुजबुजले, “रातवा. रातीला उडतो, दिसा असा बसतो. ठाऊक असलेल्यालाच दिसतो.” आम्ही उभे राहिलो. माझा खांदा दुखायचा थांबला होता, छातीतली धडधड त्या पाखराच्या श्वासाइतकी हळू झाली होती. मंदा भाषणात जे जे सांगते ते सगळं मला त्या वेळात झालं. साखर नि रक्तदाब झाल्यापासून डॉक्टर मला सकाळी गॅलरीत बसायला सांगतात. मी बसते, समोरच्या तारेवरचं कोण ते बघते आणि गोळी कमी लागते. पण त्या बांधावर लागली तशी गुंगी पुन्हा लागली नाही.

तिथून हलल्यावर आबा म्हणाले, “आता मंदीला उठीव. तुला दावलं ते समदं तिला दाव. तुझं ऐकल ती.”

म्हणजे शिकवणीही तिच्यासाठीच होती.

मी घरी गेले. आई पेज भरवत होती आणि मंदा तोंड फिरवत होती. चुलीमागची वही काढून मी तिच्या पुढ्यात आपटली. म्हटलं, “ऊठ. कोतवालाचं घरटं कुठं असतं ठाऊक हाय?”

“नाही.”

“मला ठाऊक हाय. पण झोपलेल्याला दावत न्हाई मी.”

ती जराशी हसली. “तू गोफण आणणार का?”

“राखण कोण तुझा बा करणार? आणीन. पण तू म्हणशील तवा ठेवीन खाली.”

दुसऱ्या दिवशी ती गाडीतून आली, त्यानंतर चालत. मी माळ्यावरून बोट दाखवायचे आणि ती लिहायची. राखणही केली. एका डोळ्याने भोरड्या, एका डोळ्याने मंदा. आठवड्यात तिचा ताप गेला, दूध ती मागून प्यायला लागली. मी तिला सगळं दाखवलं. कोतवाल, वेडा राघू, खंड्याचं बीळ, शिंप्याने पान शिवून केलेलं घरटं. बांधावर गेलो की रातव्याच्या जागेपाशी मी तिला उजवीकडे वळवायचे. “इकडनं ये, तिकडं काटं हायेत.” काटे नव्हते.

हुरड्याला मावशी आणि तिचे यजमान आले. मंदा त्यांच्याकडे धावत गेली तेव्हा मावशी रडली आणि आईच्या पायाच पडायला निघाली. आगटी पेटली, गोवऱ्यांचा धूर, लसणाची चटणी, गुळाचे खडे. आबांनी पहिलं कणीस चोळलं, फुंकर मारली, मूठ भरली. सगळे मंदाकडे बघत होते, ती तर त्या दिवसाची नवरीच होती. आबांचा हात गोलात जरा थांबला. मी माझा हात पुढे केला नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं, तळहात उलटा केला आणि घट्ट्यांवर ते गरम दाणे ओतले. ती मूठ राखणीची होती की मंदाला उठवल्याची, हे मी विचारलं नाही. सगळे दाणे खाल्ले, एकही कुणाला दिला नाही.

मंदा तिच्या घरी गेली, शिकली, शिक्षिका झाली, आयुष्यभर टेकड्या चढली. मी मांजरीतच दिली गेले आणि मांजरीतच आहे. आम्ही फोनवर बोलतो. ती पाखरं सांगते, मी ऐकते. माझा तिच्यावर राग नाही, पण तिच्या गुडघ्यांवर आहे, आणि आबा तिच्यापाशी फावडं टेकवून उभे राहायचे, त्यावर आहे. वय झालं म्हणजे असलं सगळं निवतं, असं लोक म्हणतात. माझं निवलेलं नाही.

त्या दिवशी भाषण संपल्यावर एका बाईने हात वर केला आणि विचारलं, “मंदाताई, दिसायला सगळ्यात कठीण पक्षी कोणता हो?” मंदा लगेच म्हणाली, “रातवा! अहो, किती वर्षं शोधला. चाळिशी उलटल्यावर एका टेकडीवर पहिल्यांदा दिसला. दोन पावलांवर बसला होता आणि दिसत नव्हता. त्या क्षणाला मी रडले होते.” सगळ्या बायका हळहळल्या. मी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. तिच्या बाभळीपासून वीस पावलांवर तो होता.

मंदाचं लक्ष माझ्याकडे गेलं. “काय गं हौसा, हसतेस कशाला?”

मी म्हटलं, “मला ऐकू आलं नाही.”